पाच औंस की पाव डॉलर? अमेरिकी उद्यानांची चांदीची नाणी घेताना

अमेरिकेच्या टांकसाळीने २०१० ते २०२१ या काळात ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ मालिकेत राष्ट्रीय उद्यानं आणि सार्वजनिक जागांवर ५६ नाणी काढली. ५० राज्यं, राजधानी आणि पाच प्रदेश, प्रत्येकाचं एक. चांदीत तेच चित्र तीन रूपांत मिळतं आणि घेणारा इथेच अडखळतो.

पहिलं पाच औंसांचं बुलियन, म्हणजे गुंतवणुकीसाठीचं नाणं: १५५.५ ग्रॅम, ९९९ शुद्धतेची चांदी, व्यास तीन इंच. दहा ग्रॅमच्या तोळ्याने साडेपंधरा तोळे! दर्शनी किंमत मात्र २५ सेंट. चांदीच्या भावावर थोडं अधिक मोजून मिळतं, आणि उद्या मोडायची वेळ आली तर वजनाचे पैसे हातात येतात. गुंतवणूक हाच हेतू असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. चकचकीत पृष्ठभागावर ओरखडे मात्र पटकन दिसतात.

त्याच मापाचं दुसरं नाणं संग्राहकांसाठी. त्यावर फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचं ‘पी’ अक्षर आणि झळाळीऐवजी मऊ, मॅट पोत. किंमत जास्त, तरी माझा कौल यालाच. २०२० चं अमेरिकन सामोआचं नाणं बघा: झाडाला लटकलेली वटवाघळाची मादी आणि तिचं पिल्लू. मॅट चांदीवर प्रकाश चमकून डोळ्यांत जात नाही, त्यामुळे चित्राचा उठाव नीट वाचता येतो. २४.३ मिलिमीटरच्या पाव डॉलरवर तेच पाहायला भिंग लागतं.

पण छप्पन्नच्या छप्पन्न हवीत? मग तिसरं रूप, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचे चांदीचे प्रूफ (संग्राहकांसाठी आरशासारखी झळाळी दिलेले) पाव डॉलर घ्या. पाच औंसांचा पूर्ण संच पावणेनऊ किलोच्या आसपास जातो. पाव डॉलरांचा संच एका अल्बममध्ये मावतो. २०१८ पर्यंतची नाणी ९० टक्के चांदीची, २०१९ पासूनची ९९९ ची, हे भाव करताना लक्षात ठेवा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानसेवेच्या शताब्दीचा २०१६ चा चांदीचा डॉलरही देखणा आहे. टांकसाळ विकत होती तेव्हा त्यातले दहा डॉलर उद्यानांच्या प्रतिष्ठानाला जात. आज दुकानातून घेतलात तर तसं काही जात नाही.

‘पी’ घेताना मूळ डबी आणि प्रमाणपत्र मागा. नाणं कडेने धरा, आणि कितीही मळकं वाटलं तरी पुसू नका. तो पोत एकदा गेला की परत येत नाही.