सशाच्या फरची फेडोरा: माप नेमकं घ्या आणि चिमट्याला हात लावू नका

‘हॅटट्रिक’ मराठीत इतकी मुरली आहे की तिच्यातली हॅट आता कुणाला दिसत नाही. १८५८ साली शेफील्डच्या हाइड पार्क मैदानावर एच. एच. स्टीफन्सन यांनी लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, आणि वर्गणी काढून त्यांना खरीखुरी हॅट दिली गेली. इंग्रजीतले हॅटचे बाकीचे वाक्प्रचारही हॅट दिवसभर वागवणाऱ्या माणसांच्या तोंडचे आहेत. म्हणून फेडोराची, म्हणजे माथ्याला खळगी असलेल्या कडेच्या हॅटची, पारख करताना ते अजूनही कामाला येतात. हॅट कुठे बिघडते, तेही त्यांतच सापडतं.

इथे विचार केला आहे तो सशाच्या फरच्या मऊ फेडोराचा: साडेसहा सेंटीमीटरची कड, भोवती फीत, आत चामड्याची पट्टी. हॅट उत्तम. मात्र माप चुकलं किंवा धरायची पद्धत चुकली, तर चांगल्यातली चांगली फेडोराही दोन वर्षांत जाते.

जादूगार हॅटमधून ससा काढतो, आणि या हॅटमध्ये ससा खरोखरच असतो. त्याच्या अंगावरचे राठ केस बाजूला काढून खालची मऊ लव घेतात. या लवेच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि मोठा सैल शंकू आवळत, आटत घट्ट फेल्ट, म्हणजे न विणता तयार झालेलं कापड, होतो. सशाचे केस सहज अडकत नाहीत म्हणून पूर्वी त्यांना पाऱ्याच्या नायट्रेटचं द्रावण लावत. त्या वाफेत काम करणाऱ्यांचे हात थरथरत, स्वभाव बदलत. अमेरिकेतल्या डॅनबरी या हॅटच्या गावी या थरथरीला गावाचंच नाव पडलं होतं. ‘मॅड ॲज अ हॅटर’ (हॅटवाल्यासारखा वेडा) नेमकं यातूनच आलं का, यावर मतभेद आहेत; कारागिरांनी जे सोसलं त्यावर नाहीत. अमेरिकेत पाऱ्याचा हा वापर १९४१ साली थांबला. त्याआधीची फेल्ट हॅट जुन्या बाजारात मिळाली तर कपाटात ठेवावी, डोक्यावर घालू नये.

टोपी घातली जाते ती लोकरीचा फेल्ट फरचा म्हणून विकताना. कड बोटांत धरून हलकेच वाकवा. फरचा फेल्ट मऊ लागतो आणि सोडताच सरळ होतो. लोकरीचा जाडसर, थोडा खरखरीत असतो, आणि एका चांगल्या पावसात त्याची कड लोंबते. कड पुठ्ठ्यासारखी कडक लागली तर फेल्ट ताठ करायला लावलेली लाख जास्त झाली आहे, अशी हॅट घडीवर तडकते. आतल्या पट्टीवरच्या ४एक्स, १०एक्स अशा फेल्टचा दर्जा सांगणाऱ्या आकड्यांवर विसंबू नका. त्याला सर्वमान्य प्रमाण नाही, प्रत्येक कारखान्याचा एक्स वेगळा.

मापाला वेळ द्या. टेप कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या बोटभर वरून आणि मागच्या उंचवट्यावरून फिरवा, आवळू नका, तीनदा मोजा. ५८ सेंटीमीटर आले तर अमेरिकन माप सव्वासात. ब्रिटिश माप त्याहून अष्टमांशाने कमी. हे आकडे म्हणजे इंचातला व्यास, त्यामुळे अष्टमांशाचा फरक घेरात जवळपास एक सेंटीमीटर होतो. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठं घ्या आणि आतल्या पट्टीमागे फोमची पट्टी सरकवा. लहान हॅट ताणून मोठी केली की पट्टीची शिवण उसवते. घेर बरोबर असून कपाळाला टोचते आणि कानशिलापाशी फट राहते, तर डोकं लांबट आहे. मोठं माप घेऊन हे सुटत नाही, लांबट घडणीचीच हॅट लागते.

आता चिमटा, म्हणजे माथ्याच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडून दाबलेली खळगी. जुन्या चित्रपटांत नायक तिथेच धरून हॅट उचलतो आणि ‘हॅट्स ऑफ’ म्हणावंसं वाटतं. फेल्ट मात्र तिथेच सर्वांत जास्त दुमडलेला असतो. रोज त्याच ठिकाणी बोटं लागली की आधी लव झिजून चकाकी येते, मग घडीच्या टोकावर केसाएवढी चीर दिसते, आणि काही महिन्यांत तिथे भोक. ते सांधता येत नाही. हॅट काढताना दोन्ही हातांनी कड पुढून-मागून धरा. अभिवादनाला कडेला दोन बोटं लावली तरी पुरे.

‘हँग अप युवर हॅट’ म्हणजे काम सोडून निवृत्त होणं. प्रत्यक्षात हॅट खिळ्याला टांगूच नका, माथ्याला टेंगूळ येतं. माथ्यावर उलटी ठेवा, म्हणजे कड चपटी होत नाही. मुष्टियुद्धाच्या रिंगणात हॅट फेकून आव्हान देत. १९१२ च्या अमेरिकन निवडणुकीआधी थिओडोर रूझवेल्ट यांनी ‘माझी हॅट रिंगणात आहे’ म्हटलं ते त्यावरूनच. धुळीतून उचललेली हॅट मऊ केसांच्या ब्रशने घड्याळाच्या उलट दिशेने साफ करा. काळ्या आणि फिक्या हॅटला ब्रश वेगवेगळा.

भिजली तर पाणी झटका, आतली पट्टी बाहेर काढून हॅट तिच्यावर उभी ठेवा आणि सावलीत वाळू द्या. हीटर, ऊन, गाडीतली काचेखालची जागा, सगळं टाळा. उष्णतेने चामडं आखडतं आणि हॅट एका मापाने लहान होते. कड वाकली तर किटलीच्या वाफेपासून वीतभर लांब, पाच-सात सेकंद धरून बोटांनी बसवा.

एक उणीव राहतेच. वारा कडेखाली शिरला की ही हलकी हॅट टिकत नाही. काही जुन्या फेडोरांना फितीभोवती बारीक दोरी आणि टोकाला बटण असे. वारा सुटला की दोरी सोडवून ते बटण कोटाच्या काजात अडकवत. आज दोरी असलेली हॅट मिळाली, तर फितीच्या रंगापेक्षा तिला आधी पसंती द्या.