प्रोग्रामिंग की टेस्टिंग? बदल करण्याआधी एवढं ताडून बघा

कोडिंगचा कंटाळा आलाय, डेडलाइन नकोशा झाल्यात, एवढ्याच कारणासाठी प्रोग्रामरची नोकरी सोडून सॉफ्टवेअर टेस्टिंगकडे वळत असाल तर थांबा. चुका हुडकून काढण्यात खरोखर रस असेल तर जरूर जा, पण कोडिंग सोडून नव्हे, सोबत घेऊन.

रोजच्या कामातला फरक आधी बघू. पैसे पाठवायचा एक स्क्रीन घ्या, मर्यादा एक लाखाची. डेव्हलपर अट लिहितो, पाचशे रुपये पाठवून बघतो, गेले की पुढच्या कामाला लागतो. टेस्टर ९९,९९९, १,००,००० आणि १,००,००१ असे तीन आकडे टाकतो, कारण 'पेक्षा कमी' आणि 'तेवढंच किंवा कमी' यातली गल्लत नेमकी सीमेवरच सापडते. मग शून्य, उणे रक्कम, मराठी कीबोर्डवरून टाकलेले आकडे. मग नेट मुद्दाम मंद करून 'पाठवा' दोनदा दाबायचं: पैसे दोनदा गेले का? खात्यातून रक्कम वजा झाली आणि उत्तर यायच्या आत ॲप बंद केलं, तर परत उघडल्यावर काय दिसतं? सापडलेला प्रत्येक बग कोणत्या पायऱ्यांनी पुन्हा दिसतो हेही नीट लिहायचं, नाहीतर 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणून तो परत येतो. हे वाचताना आणखी दोन-तीन शक्यता तुमच्या डोक्यात आपोआप आल्या असतील, तर या कामात तुम्ही रमाल.

ताण मात्र दोन्हीकडे आहे. डेव्हलपमेंट दोन दिवस लांबलं तरी रिलीजची तारीख सहसा हलत नाही, टेस्टिंगचे दिवस कापले जातात. आणि लाइव्ह गेल्यावर काही फुटलं की पहिला प्रश्न येतो, 'हे टेस्टिंगमध्ये कसं सुटलं?' म्हणूनच करिअर ब्रेकनंतर परतणाऱ्या मुलींना 'टेस्टिंग घे, सोपं असतं' असं सांगितलेलं ऐकलं की मला राग येतो.

पगार आणि पुढची वाट यांचं उत्तर तुम्ही कुठल्या टेस्टिंगमध्ये जाता त्यावर ठरतं. निव्वळ मॅन्युअलमध्ये, म्हणजे ॲप हाताने चालवून तपासण्यात, पगार बहुतेक वेळा कमी मिळतो, आणि दोन-तीन वर्षांनी डेव्हलपमेंटला परतायचं म्हटलं तर मुलाखतीत अलीकडचं कोड काय लिहिलं, इथेच अडतं. ऑटोमेशन (टेस्ट आपोआप चालवणारा कोड लिहिणं) किंवा एसडीईटीचं (टेस्टिंगसाठी कोड लिहिणाऱ्या इंजिनिअरचं) काम म्हणजे प्रोग्रामिंगच. सेलेनियम किंवा प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या टूलमधली एखादी टेस्ट कधी पास, कधी फेल होते. नवखा माणूस तिथे पाच सेकंदांचा स्लीप (नुसतं थांबायचा आदेश) टाकून मोकळा होतो. ज्याने ॲप बांधलंय त्याला पेज अजून सर्व्हरच्या उत्तराची वाट बघतंय हे कळतं आणि तो नेमक्या त्या घटनेसाठी थांबणारा कोड लिहितो. प्रोग्रामरचा अनुभव इथे पुरेपूर वसूल होतो.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या सुमारास अनेक टीममधली टेस्टिंगची वेगळी पदं मोडून ते काम डेव्हलपरांकडे दिलं. मॅन्युअलपुरतंच येणाऱ्याला अशा बदलाचा फटका आधी बसतो.

आयएसटीक्यूबी या टेस्टिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची फाउंडेशन परीक्षा ४० प्रश्नांची, ६० मिनिटांची आहे आणि २६ गुणांना पास. परिभाषा पक्की होते म्हणून द्यायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर नोकरी बदलू नका.

राजीनाम्याआधी मॅनेजरकडून एक स्प्रिंट (साधारण दोन आठवड्यांचा कामाचा टप्पा) टेस्टिंगसाठी मागून घ्या. तुम्ही न लिहिलेल्या मॉड्यूलच्या एपीआय टेस्ट (स्क्रीन न वापरता थेट सर्व्हरला विचारून तपासणाऱ्या) लिहा आणि दुसऱ्या आठवड्यातही उत्साह टिकतोय का बघा. बाहेर मुलाखत देताना तीन गोष्टी विचारा: टेस्टच्या कोडचा रिव्ह्यू होतो का, प्रत्येक मर्जला (नवा कोड मुख्य कोडमध्ये मिसळताना) टेस्ट आपोआप चालतात का, आणि टेस्टरने 'नको' म्हटल्यावर रिलीज कधी थांबली आहे का. तिसऱ्याचं उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर ती ऑफर घेऊ नका.