कूपर्सचे घरगुती बिअर किट: साहित्य उत्तम, तापमान मात्र आपणच सांभाळायचे

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आणि घरी बिअर तयार करण्याची इच्छा असणाऱ्या नवशिक्या माणसाने ॲडलेडच्या कूपर्स कंपनीचे सुरुवातीचे किट घ्यावे का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. फक्त सूचनापत्रक पाळले की बिअर आपोआप चांगली होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. थॉमस कूपर यांनी १८६२ साली सुरू केलेली ही कंपनी आजही स्वतः बिअर बनवते आणि त्या अनुभवाची छाप किटच्या रचनेत दिसते. परंतु साखरेपासून मद्यार्क तयार करणाऱ्या यीस्टला योग्य तापमानात ठेवण्याचे काम कोणतेही किट आपल्या वतीने करू शकत नाही. मेलबर्नसारख्या शहरात, जिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हिवाळ्याच्या रात्री गॅरेज गारठून जाते, तिथे बिअर बिघडण्याचे प्रमुख कारण माझ्या मते हेच आहे.

किटमध्ये २३ लिटर बिअरसाठी नळ असलेले प्लास्टिकचे पिंप, द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर, पिंपावर चिकटवायची तापमानपट्टी, बाटल्या भरण्याची नळी, ७४० मिलिलिटरच्या ३० तपकिरी पेट (प्लास्टिकच्या) बाटल्या, साखरेच्या गोळ्या, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) घातलेल्या माल्ट अर्काचा, म्हणजे मोड आणलेल्या धान्याच्या अर्काचा, १.७ किलोचा डबा, त्याच्या झाकणाखाली ठेवलेले यीस्ट आणि ब्रू एन्हान्सर नावाचे साखरेचे मिश्रण असते. अर्कात हॉप्स आधीच असल्यामुळे तासभर उकळण्याचा टप्पा वाचतो. सुमारे दोन लिटर गरम पाण्यात अर्क व साखर विरघळवायची, थंड पाणी घालून पातळी २३ लिटरपर्यंत आणायची आणि यीस्ट भुरभुरवायचे, एवढेच पहिल्या दिवशीचे काम आहे. उन्हाळ्यात नळाचेच पाणी कोमट असते, म्हणून सहा-सात लिटर पाणी आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवावे. अन्यथा यीस्ट घालतानाच मिश्रण तापलेले असते आणि ते पुढे निववणे कठीण जाते.

डब्यावर लागर (थंडीत आंबवायची बिअर) असे लिहिलेले असले तरी सोबतचे यीस्ट एल, म्हणजे उबेत आंबवायच्या बिअरच्या, प्रकारचे असते, त्यामुळे खऱ्या लागरप्रमाणे १२ अंश सेल्सिअसवर ठेवल्यास ते सुस्तावते. दुसऱ्या टोकाला, सूचनापत्रकातील तापमानाची मर्यादा मला फार सैल वाटते. पहिले तीन-चार दिवस मिश्रण १८ ते २० अंशांवर राखले तर चव स्वच्छ येते. हेच दिवस २६-२७ अंशांवर गेले तर फळांसारखा उग्र वास येतो आणि कधी कधी घशाला जाळणारी, स्पिरिटसारखी चव उतरते, जी बाटलीत कितीही मुरवली तरी पूर्णपणे जात नाही. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता निर्माण करते, त्यामुळे पिंपातील तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी अधिक असू शकते, हे लक्षात घेऊन खोलीचे नव्हे तर पिंपावरच्या पट्टीचे तापमान पाहावे. जुना फ्रिज आणि तापमान नियंत्रक ही सर्वांत चांगली सोय आहे. ती नसेल तर पिंप पाण्याच्या घमेल्यात ठेवून भोवती ओला टॉवेल गुंडाळावा. बाष्पीभवनाने माठातले पाणी जसे गार होते, तसेच पिंपही निवते, आणि पाण्यात बर्फाच्या बाटल्या बदलत राहिल्यास भर उन्हाळ्यातही काम भागते.

या पिंपाला बुडबुडे दाखवणारा एअरलॉक नसतो आणि वायू झाकणाच्या कडेने निघून जातो, म्हणून अनेकांना बिअर आंबतच नाही अशी शंका येते. मला ही रचना पसंत आहे, कारण बुडबुडे थांबले म्हणजे काम संपले, हा समज मुळातच चुकीचा आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब आणि पिंपाच्या भिंतीवर राहिलेले फेसाचे वळे आंबण्याची खूण देतात, पण निर्णय हायड्रोमीटरनेच घ्यावा. मूळ साहित्यासह घनता (पाण्याची १ धरून) साधारण १.०३८ वरून १.०१० किंवा त्याखाली उतरते, म्हणजे मद्यार्क चार टक्क्यांच्या आसपास येतो. लागोपाठ दोन-तीन दिवस आकडा तोच राहिला तरच बाटल्या भराव्यात. मोजण्यापूर्वी हायड्रोमीटर हलकेच फिरवून त्याला चिकटलेले बुडबुडे झटकावेत आणि नमुना पुन्हा पिंपात ओतू नये.

आकडा स्थिर झाल्यावरही मी चार दिवस घाई करत नाही. कच्च्या बिअरला हिरव्या सफरचंदासारखा किंवा लोण्यासारखा जो वास येतो, त्यामागची द्रव्ये यीस्ट स्वतःच पचवून टाकते. मात्र त्यासाठी तेवढा अवधी आणि ऊब त्याला मिळावी लागते. औषधी, जंतुनाशकासारखी चव आली तर तिचे कारण वेगळे असते. ती बहुधा पाण्यातील क्लोरीनमुळे किंवा ब्लीच नीट न धुतल्यामुळे येते. पाण्यात कॅम्पडेनची (सल्फाइटयुक्त) अर्धी गोळी विरघळवली की क्लोरीनचा प्रश्न मिटतो. निर्जंतुकीकरणासाठी धुवावे न लागणारे, आम्लयुक्त द्रावण वेगळे विकत घ्यावे, नळ दर वेळी सुटा करून स्वच्छ करावा, आणि पिंप किंवा पेट बाटल्या खरखरीत घासणीने घासू नयेत, कारण ओरखड्यांत जंतू टिकून राहतात.

बाटल्या हा या किटचा सर्वांत जमेचा भाग आहे. प्रत्येक बाटलीत साखरेच्या दोन गोळ्या टाकायच्या असल्याने मोजमाप चुकण्याचा संभव कमी राहतो. घाईने भरलेली किंवा जंतुसंसर्ग झालेली बाटली प्रमाणाबाहेर वायू धरू लागली, तर पेट बाटली आधी दगडासारखी कडक होऊन इशारा देते. काच अशा वेळी फुटून इजा करू शकते. भरलेल्या बाटल्या दोन आठवडे १८ अंशांच्या वर, अंधारात ठेवाव्यात. बिअरमध्ये वायू भरला नाही, ही तक्रार पुष्कळदा बाटल्या थंड खोलीत ठेवल्यामुळे उद्भवते. त्या उबदार जागी हलवून हलकेच उलट्यासुलट्या केल्या की बहुतेक वेळा सुधारतात. तपकिरी रंग असला तरी उन्हापासून जपावे, कारण प्रकाशाने हॉप्समधील द्रव्ये विघटित होऊन दुर्गंधी येते.

दुसऱ्या खेपेपासून दोन बदल आवर्जून सुचवतो. साध्या साखरेच्या मिश्रणाऐवजी कोरडा माल्ट असलेले ब्रू एन्हान्सर २ घ्यावे, म्हणजे बिअर पाणचट लागत नाही. आणि झाकणाखालच्या यीस्टऐवजी सफएल यूएस-०५ या एल यीस्टचे ११.५ ग्रॅमचे पाकीट वापरावे. धान्य भिजवून सारे स्वतः करण्याची ज्यांना मनापासून ओढ आहे, त्यांना मात्र हे किट लवकरच अपुरे वाटेल.

ऑस्ट्रेलियात स्वतःच्या उपयोगासाठी बिअर करता येते, पण ती विकता येत नाही आणि ऊर्ध्वपातनाने दारू गाळण्यास मनाई आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या नातलगांना भेट म्हणून हा डबा पाठवू नये.