प्रिंटरच्या ‘नेटवर्क परवान्या’साठी गेलेले ५,९९९ रुपये

आमचा चादरी-टॉवेलचा लहानसा ठोक व्यवसाय सोलापुरात अशोक चौकाजवळच्या राहत्या घरातूनच चालतो. बिलांचा जुना संगणक विंडोज ७ चा, ३२ बिटचा आहे आणि लेसर प्रिंटर त्यालाच यूएसबी वायरने जोडलेला होता. मुलीचा लॅपटॉप विंडोज ११ चा, तर पुतण्याच्या लॅपटॉपवर उबुंटू ही विंडोजपेक्षा वेगळी प्रणाली. तिघांनाही त्याच प्रिंटरवर छापता यावे, एवढीच आमची गरज होती; परंतु मुलीच्या लॅपटॉपवर प्रिंटरचे नाव दिसत असूनही तो जोडायला गेले की ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर, नसल्याचा संदेश येत असे.

१३ जानेवारीला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतील अक्षता सोहळ्याच्या दिवशी, नवी पेठेतील आमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्यांचे दुकान बंद होते आणि मुलीला १५ तारखेला प्रकल्प अहवाल द्यायचा होता. म्हणून मी प्रिंटर कंपनीचे नाव आणि ‘ग्राहक सेवा’ असे शोधून सर्वात वर आलेल्या क्रमांकावर फोन केला. त्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिले होते, ते मी पाहिले नाही.

पलीकडच्या गृहस्थाने अत्यंत अदबीने दूरून संगणक हाताळण्याचे एक ॲप माझ्याकडून बिलांच्या संगणकावर टाकून घेतले. मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणकातील घडामोडींची विंडोजची नोंदवही, उघडून त्यातील लाल-पिवळ्या खुणा दाखवल्या आणि ‘हे सगळे व्हायरस आहेत’ असे सांगितले. वास्तविक अशा नोंदी धडधाकट संगणकातही शेकड्याने सापडतात. त्यानंतर काळ्या खिडकीत नेटस्टॅट हा चालू जोडण्यांची यादी दाखवणारा आदेश चालवून, ‘फॉरेन ॲड्रेस’ या रकान्याकडे बोट दाखवत, परदेशातील हॅकर तुमच्या घरात शिरले आहेत, असे त्याने मला पटवले. तो रकाना केवळ जोडणीच्या पलीकडच्या टोकाचा पत्ता दाखवतो; घरातलाच दुसरा संगणक असला तरी त्याचा पत्ता तिथेच येतो. शेवटी ‘प्रिंटर शेअरिंगच्या नेटवर्क परवान्याची मुदत संपली आहे’ असे सांगून त्याने ५,९९९ रुपये मागितले आणि मी ते यूपीआयने भरले. असा कोणताही परवाना नसतो. प्रिंटर सामायिक करण्याची सोय विंडोजमध्येच असते आणि तिला वेगळे पैसे पडत नाहीत.

थोड्याच वेळात ‘राउटरची किल्ली’ म्हणून आणखी १२,००० रुपये मागत त्याने मला बँकेचे पान उघडायला लावले आणि पडदा एकाएकी काळा झाला. मुलीने धावत येऊन नेटची वायर उपटली, म्हणून खाते वाचले. आम्ही लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, बँकेला कळवले आणि सर्व पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलले. पहिली रक्कम मात्र अद्याप परत मिळालेली नाही.

यात्रा उरकल्यावर आमचे दुरुस्तीवाले घरी आले. ‘काका, जुन्या संगणकात ३२ बिटचाच ड्रायव्हर आहे, ताईंच्या ६४ बिटच्या लॅपटॉपला तो कसा चालेल?’ असे म्हणत त्यांनी प्रिंटर वळवला, तर मागे नेटवर्कच्या वायरीची खाच होती. इतकी वर्षे ती आमच्या लक्षात आली नव्हती, याचे मला फार वाईट वाटले. त्यांनी प्रिंटर थेट राउटरला जोडला, राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक) कायम राखून ठेवला, म्हणजे वीज जाऊन आली तरी तो बदलू नये, आणि दोन्ही विंडोजवर ज्याचा त्याचा ड्रायव्हर टाकून त्याच पत्त्यावर प्रिंटर जोडून दिला. उबुंटूमध्ये छपाईसाठी कप्स ही यंत्रणा आधीपासूनच असते. तिला पत्ता देताच पान छापून आले. आता बिलांचा संगणक बंद असला तरी बाकी दोघांचे काम अडत नाही. वायर आणि मजुरी मिळून ४५० रुपये झाले.

गेल्या आठवड्यात त्याच आवाजाचा फोन पुन्हा आला होता. ‘तुमची परतफेड मंजूर झाली आहे, पैसे जमा करण्यासाठी ते ॲप पुन्हा टाका,’ असे तो सांगत होता. मी फोन ठेवला आणि तो नवा क्रमांकही तक्रारीत जोडला.