जुनी चिनी मातीची बरणी: सोडा की पेरॉक्साइड?

सांगलीतल्या जुन्या घरांच्या माळ्यावर वर तपकिरी, खाली पांढरी अशी लोणच्याची बरणी अजून सापडते आणि ती वापरात आणायची म्हटले की कशाने धुवावी, हा प्रश्न पडतो. त्याआधी बरणीला टिचकी मारून पाहावे. आवाज खणखणीत आला तर ती बहुधा अखंड असते. बद्द आला तर तडा असण्याची शक्यता धरून भिजवण्याच्या फंदात पडू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

डाग झिलईवर (बरणीवरच्या काचेसारख्या गुळगुळीत थरावर) बसलेला असेल, म्हणजे तेलाचा चिकटा किंवा खाराचे वाळलेले थर असतील, तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून मऊ फडक्याने चोळणे पुरेसे आहे. तारेची घासणी मात्र नको. 2019च्या महापुराचा गाळ आत सुकून राहिला असल्यास तो खरवडण्याऐवजी भिजवून सोडवावा, कारण वाळूचा कण झिलईहून कठीण असतो. हळदीच्या डागावर सोडा लावला की तो तांबूस होतो. अशा वेळी घाबरून न जाता बरणी धुऊन उन्हात ठेवावी, कारण हळदीचा रंग उन्हाने फिका पडतो.

झिलईतल्या केसासारख्या भेगांत उतरलेल्या डागांपुढे सोडा हतबल ठरतो आणि तिथे औषधाच्या दुकानातले 3 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड निःसंशय सरस आहे. बरणी आधी साध्या पाण्यात भिजवावी, मग पेरॉक्साइडमध्ये बुडवलेला कापूस डागावर ठेवून वरून प्लास्टिक सैल गुंडाळावे आणि कापूस सुकू न देता, हातमोजे घालून, एक-दोन दिवस हे चालू ठेवावे. झाकण घट्ट लावू नये, कारण पेरॉक्साइडमधून वायू सुटतो. सोनेरी अक्षरे किंवा वरून रंगवलेली नक्षी असल्यास हा उपाय टाळावा.

कपड्यांचे क्लोरीनयुक्त ब्लीच स्वस्त असले तरी त्याचे क्षार भेगांत राहतात आणि पुढे स्फटिक होऊन झिलईचे टवके उडवतात. व्हिनेगर फक्त बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या थरापुरते, तेही पातळ करून, वापरावे.

स्वच्छ झाल्यावरही भेगा दिसत असतील तर त्या बरणीला दादरा (तोंडावरचे फडके) बांधून लोणचे मुरवू नये; खार आत झिरपतो आणि त्याचा वास पुढे जात नाही.