वायफाय दिसेना, म्हणून फोन केला

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्यानंतर आलेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरच्या लॅपटॉपवर विंडोज ११ नव्याने टाकायला बसलो. फाइल्सची प्रत पेन ड्राइव्हवर काढली होती आणि दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलेशन सुरळीत चालू होते. मात्र नेटवर्कशी जोडण्याचा पडदा आला तेव्हा वायफायची यादी पूर्ण रिकामी होती आणि ‘नेक्स्ट’चे बटण दाबले जात नव्हते. राउटर दोनदा बंद-चालू करूनही फरक पडला नाही, तेव्हा मोबाइलवर शोध घेतला आणि सर्वांत वर आलेल्या क्रमांकावर फोन केला. त्या ओळीवर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’, म्हणजे जाहिरात, असे लिहिले होते, हे माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी आले.

पलीकडच्या माणसाने आपण कंपनीच्या ग्राहक सेवेतून बोलत असल्याचे सांगितले आणि पहिला सल्ला अगदी बरोबर दिला, हे मुद्दाम नोंदवतो, कारण माझा विश्वास बसला तो तिथेच. त्याने मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट केबलमधून देण्याची सोय, चालू करायला लावले आणि अर्ध्या मिनिटात इंटरनेट आले. यात त्याची काहीही करामत नव्हती. लॅपटॉपमधल्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग विंडोजला चालवता यावा यासाठीचे छोटे सॉफ्टवेअर, इन्स्टॉलेशनमध्ये नव्हता, टेदरिंगला लागणारा ड्रायव्हर मात्र विंडोजमध्ये मुळातच असतो.

विंडोज सुरू झाल्यावर त्याने दूरवरून पडदा पाहण्याचे अ‍ॅप टाकायला सांगितले. मग त्याने संगणकातल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल खुणांची रांग दाखवली आणि काळ्या खिडकीत ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा देऊन बाहेरच्या जोडण्यांची यादी काढली. “सर, इतने लोग आपके नेटवर्क में घुसे हैं, इसीलिए वायफाय ब्लॉक है,” असे तो म्हणाला. ज्या यंत्रावर विंडोज येऊन तासही झाला नव्हता, त्यात इतके लोक शिरले कधी, हा प्रश्न मला त्या क्षणी पडायला हवा होता. लाल खुणा कोणत्याही निरोगी संगणकात सापडतात आणि ‘नेटस्टॅट’मधल्या जोडण्यांपैकी काही विंडोजच्या स्वतःच्या अद्यतनांच्या असतात. त्या यादीत खरोखर शिरलेला एकच माणूस होता आणि तो माझ्याशी फोनवर बोलत होता.

‘नेटवर्क लायसन्स’साठी त्याने ३,५४० रुपये मागितले, म्हणजे तीन हजार आणि वर १८ टक्के जीएसटी. कर धरून आलेला आकडा मला खरा वाटला आणि मी यूपीआयने पैसे भरले. पावती मिळण्यासाठी त्याने तेच अ‍ॅप मोबाइलवरही घ्यायला लावले आणि एका रुपयाच्या पडताळणीचे निमित्त करून एका अर्जात डेबिट कार्डाचा तपशील भरून घेतला. त्याने ओटीपी एकदाही विचारला नाही, कारण आलेला संदेश त्याला पडद्यावर दिसतच होता. २४,८०० रुपये गेल्याचा संदेश आला तेव्हा मी फोन विमान मोडवर टाकला.

पत्नीच्या मोबाइलवरून आधी बँकेला कार्ड बंद करायला सांगितले, मग सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवली. कार्डाच्या रकमेतील थोडा भाग पुढच्या खात्यात गोठवला गेला. यूपीआयचे पैसे गेले ते गेलेच. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हा लागू असलेल्या २०१७ च्या परिपत्रकानुसार गुप्त तपशील ग्राहकानेच उघड केला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे होते, त्यामुळे प्रत्येक मिनिट मोलाचे होते.

त्या माणसाने आत काय ठेवले असेल याची खात्री नसल्याने मी लॅपटॉपमधले सगळे पुसून विंडोज पुन्हा टाकले. या वेळी वायफाय कार्डाचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हवर तयार ठेवला होता. नेटवर्कच्या त्याच पडद्यावर ड्रायव्हर टाकण्याचे बटण होते, ते मी पहिल्यांदा पाहिलेच नव्हते. ते दाबून फोल्डर दाखवताच शेजाऱ्यांच्या वायफायसकट सगळी यादी समोर आली.

त्या जाहिरातीची तक्रार केल्यावर ती दिसेनाशी झाली. आठवड्याने तोच मजकूर नव्या क्रमांकासह पुन्हा सर्वांत वर होता.