रंग नवा, इंजिन गाडीचं

इंजिन सुरू झालं, एग्झॉस्टमधून पाणी छान बाहेर पडू लागलं आणि मी पैसे देऊन मोकळा झालो. बोट तेव्हा ट्रेलरवर होती. ड्राइव्हच्या (मागे पाण्यात उतरणाऱ्या, पंखा असलेल्या पायाच्या) पाणी ओढायच्या भोकांवर रबरी कप लावून, त्याला नळी जोडून इंजिन चालवून दाखवलं होतं. पंख्याला पाणी कापायचंच नसलं की कुठलंही इंजिन गुणी बाळासारखं वागतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

माझी बोट स्टर्नड्राइव्हची. इंजिन आत, मागच्या भिंतीला (ट्रान्समला) लागून आणि पंख्याचा पाय बाहेर. जुनं इंजिन गेलं. ज्याला काम दिलं तो म्हणाला, "साहेब, मरीन इंजिन आहे, पूर्ण रीकंडिशन केलेलं. डोळे झाकून घ्या." मी खरोखरच झाकले. इंजिनावर इतका चकचकीत रंग होता की नंबरची पट्टी कुठे आहे हे विचारायचंही सुचलं नाही. बिलावर तीन शब्द : 'इंजिन बसवून दिले'.

जेमतेम वीस तास बोट चालली. मग एका फेरीत जळक्या रबराचा वास आला. थ्रॉटल वाढवला तर इंजिन किंचाळलं आणि बोट जागेवरच. दुसऱ्या बोटीने ओढून किनाऱ्याला आणली.

दुसऱ्या मिस्त्रींनी ड्राइव्ह उतरवला आणि आधी एकच विचारलं, "अलाइनमेंट बार घालताना तुम्ही पाहिलंत का?" मी पाहिलं नव्हतं, कारण तो घातलाच नव्हता. ड्राइव्हचा शाफ्ट ट्रान्सममधल्या गिंबल बेअरिंगमधून जाऊन इंजिनामागच्या कपलरच्या (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या भागाच्या) खाचांत बसतो. दोन्ही एका रेषेत हवेत. त्यासाठी ड्राइव्ह चढवण्याआधी टोकाला ग्रीस लावलेला लांब बार बेअरिंगमधून आत सरकवतात. तो दोन बोटांनी (हाताच्या!) सहज आतबाहेर व्हायला हवा आणि बाहेर काढल्यावर ग्रीसवर खाचांचे ठसे सगळीकडून सारखे दिसायला हवेत. नसतील तर पुढच्या माउंटचे (इंजिन ज्यावर टेकतं त्या पायांचे) नट फिरवून इंजिनाचं तोंड वरखाली करायचं आणि पुन्हा बघायचं. माझ्या माउंटच्या नटांवरचा जुना रंगसुद्धा तडकलेला नव्हता. म्हणजे पान्याने त्यांना शिवलंच नव्हतं. कपलरच्या खाचा घासून सपाट झालेल्या, खाली ॲल्युमिनियमचा चुरा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि इंजिन ब्लॉकच्या अंगावर वाटीसारखे प्लग असतात, त्यातल्या एकाला लावलं. टक्कन चिकटलं. खाऱ्या पाण्यासाठीच्या इंजिनाला हे प्लग पितळेचे असतात, आणि पितळेला चुंबक चिकटत नाही. माझं इंजिन गाडीतून काढलेलं, वर रंग फासलेला.

खरा घाम पुढे फुटला. स्टार्टर आणि आल्टरनेटरही गाडीचेच. मरीन बनावटीत ठिणगी आतल्या आत राहील अशी रचना असते, गाडीच्या भागांत ती नसते. दिसायला मात्र फारसा फरक नाही. गाडीत पेट्रोलची वाफ खालून निघून जाते, वारा तिला नेतो. बोटीत ती हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. म्हणूनच किल्ली फिरवण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (ही वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवायचा असतो. घाईत मी तोही कितीदा टाळला होता! त्या वीस तासांत मी किती वेळा स्टार्टर मारला असेल, याचा हिशेब रात्री झोप लागेपर्यंत चालला होता.

पहिल्याला फोन केला. "पाण्यात चालली ना? मग? तुम्हीच जोरात पळवली असेल." त्यानंतर फोन उचलणं बंद. लेखी काही असतं तर बोलता आलं असतं. इंजिनाचा नंबर नाही, 'मरीन' हा शब्द नाही, अलाइनमेंटचा उल्लेख नाही.

त्याच माणसाने एका ओळखीच्यांच्या इनबोर्डचं कामही केलं होतं. सरळ शाफ्टची बोट. तिथे इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तोंडांमधली फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) चारी बाजूंनी मोजतात. चार इंची कपलिंगला फरक साधारण 0.1 मिलिमीटरच्या आत हवा, आणि शेवटचं माप बोट पाण्यात तरंगत असताना घ्यायचं, कारण ट्रेलरवर टेकलेली बोट किंचित वाकलेली असते. यानं मापं घेतली ती जमिनीवर. बोट पाण्यात उतरल्यापासून शाफ्ट धडधडतोय.

माझ्या बोटीत आता दुसरं इंजिन आहे. ते बसवताना मिस्त्रींनी बार माझ्याच हातात दिला. पहिल्यांदा अडकला. पुढचे नट थोडे फिरवले, पुन्हा अडकला. तिसऱ्या खेपेला लोण्यात सुरी जावी तसा गेला. प्लगांना चुंबक मीच लावून पाहिलं, एकेक करून सगळ्यांना, आणि ते प्रत्येक वेळी घसरून खाली पडलं.